चोवीसातले सात

“आणि बाकीचे सात कुठे आहेत?”

इनायत तडवीनं पडद्याकडून मान वळवली नाही. शेवटचं चित्र अजून तिथेच होतं. एक निळी रेघ, एक लाल रेघ, खाली मोठ्या अक्षरांत ‘धन्यवाद’. टाळ्या नुकत्याच थांबल्या होत्या.

“कोणते सात, मॅडम?”

“पडद्यावर चोवीस नमुने दाखवलेस. ताटात सतरा.”

सभागृहात चार पंखे फिरत होते. तेवढाच आवाज राहिला.

विचारणाऱ्या खोब्रागडे मॅडम शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. विद्यापीठाच्या यंत्र अभियांत्रिकी विभागातल्या त्या सगळ्यांत जुन्या प्राध्यापक. लोखंड-पोलाद हा त्यांचा विषय. आणि इनायतच्या त्याच मार्गदर्शक. त्यांच्या मांडीवर ते ताट होतं.

ताटाची गोष्ट सांगायला हवी. या विभागात दर गुरुवारी साडेतीनला संशोधनाचा सेमिनार होतो. कुणीही बोलावं, कशावरही बोलावं. अट एकच. ज्या वस्तूबद्दल बोलायचं ती वस्तू ताटात घालून बाकाबाकांवरून फिरवायची. ज्याचं काम नुसतं संगणकावरचं, त्यानं रिकामं ताट फिरवायचं. त्यात कमीपणा नव्हता. पण ताट फिरायचंच. नियम मॅडमनी घातला त्याला एकतीस वर्षं झाली. ताट वसतिगृहाच्या मेसमधून आणलेलं, काठावर ‘कै. गंगूबाई यांच्या स्मरणार्थ’ असं कोरलेलं. त्यातून फुटकी बेअरिंगं फिरली, राखेच्या विटा फिरल्या, पंपाची झिजलेली पाती फिरली. रोशनी उईकेनं एकदा बांबूच्या पट्ट्या ठेवल्या होत्या, तर त्यातली एक कुणीतरी दात कोरायला लांबवली.

आज ताटात पोलादाचे तुकडे होते. बोटाएवढे. दोन्ही टोकांना जाड, कमरेत बारीक, डमरूसारखे. ट्रकच्या स्प्रिंगांच्या पाट्यांना जे पोलाद वापरतात, ते.

“ताटात सतरा आहेत, कारण...” इनायत थांबला. मग हसला. “चोवीस चाचण्या झाल्यात, मॅडम. सगळे आकडे प्रबंधात आहेत. पान एकशे बारा.”

“पान मी वाचलंय. तिथे लिहिलंय, चोवीस नवे नमुने.”

“हो.”

“मग सात कुठे गेले?”

पहिल्या बाकावर विभागप्रमुख शिरभाते सरांनी घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. साडेचारला चहा आणि कचोरी होती.

“असतील हो प्रयोगशाळेत,” ते म्हणाले. “तडवी, खाली राहिले ना?”

सोपं होतं. ‘हो सर’ एवढंच म्हणायचं होतं.

इनायतला ते जमलं नाही. खोटं बोलायला त्याची जीभ वळत नव्हती असं नाही. पण आपण काही लपवण्यासारखं केलंय असं त्याला वाटतच नव्हतं.

“नाही सर. सतराच आहेत. त्यातले सात दोनदा वापरलेत.”

...

बाकांवर कुजबुज झाली. रोशनी उईके त्याच्याच बरोबरीची, शेजारच्या खोलीत बांबूवर संशोधन करणारी. तिनं हातातली वही बंद केली.

इनायतची पाच वर्षं एका यंत्रापाशी गेली होती. यंत्र तुकड्याला धरतं, वाकवतं आणि वाकवलेल्या अवस्थेत फिरवतं, सेकंदाला पन्नास वेळा. तुकडा मोडला की यंत्र आपोआप थांबतं. एक कोटी फेऱ्यांपर्यंत मोडला नाही, तर माणूस ते थांबवतो. एक कोटी फेऱ्यांना दोन दिवस, सात तास आणि तेहेतीस मिनिटं लागतात. मग नोंदीत त्या तुकड्यापुढे एक छोटा बाण काढायचा. बाणाचा अर्थ, हा मोडला नाही, आम्ही थांबलो.

आणि इनायतचं म्हणणं असं होतं की, हेच पोलाद त्याच्या रीतीनं सहा तास तापल्या तेलात ठेवलं, तर जड भारालाही मोडत नाही. साध्या पोलादाचे आठ तुकडे जड भाराखाली सहा-सात लाख फेऱ्यांत गेले होते. तेलातले नऊ लावले, त्यातले दोन मोडले आणि सातांनी कोटी गाठली. निळी रेघ आणि लाल रेघ, त्या याच.

“दोनदा म्हणजे कसे?” मॅडमनी विचारलं.

“तेलातले सात तुकडे आधी हलक्या भारावर चालवले. सातही मोडले नाहीत. सातांना बाण. मग जड भाराला तुकडे कमी पडले. लेथवर तुकडे कापून देणारे बोबडे रजेवर गेलेले, नवे मिळायला चार महिने लागले असते. हे सात तर होतेच. अख्खे.”

“म्हणून तेच लावले.”

“सूक्ष्मदर्शकाखाली बघून लावले. एकेका तुकड्याला दोन-दोन दिवस दिलेत मी. कुठे केसाएवढी चीर नाही. न मोडलेला तुकडा म्हणजे नवा तुकडा.”

हे त्यानं जरा मोठ्यानं म्हटलं. पाठीमागे कुणीतरी मान डोलावली. त्याला बरं वाटलं.

मॅडमनी ताटातून एक तुकडा उचलला आणि त्याचं टोक उजेडात धरलं.

“यावर दोन ठिपके आहेत.”

“आपलीच पद्धत आहे, मॅडम. तुकडा यंत्रावर चढवला की टोकाला एक ठिपका ठोकायचा. तुम्हीच शिकवली.”

“म्हणजे ठिपके तू मारलेस.”

“मारले ना. लपवायचं असतं तर मारले असते का?”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “ठिपके लपवले नाहीस. पान एकशे बारावर मात्र उतरवले नाहीस.”

कुणीतरी हसलं. इनायतची कानशिलं गरम झाली.

“मॅडम, हे सगळं जूनमध्ये झालं. जून, जुलै, ऑगस्ट. तेव्हा तुम्ही घरी होतात, डोळ्याला पट्टी बांधून. यंत्रापाशी मी होतो.”

“तडवी!” शिरभाते सर अर्धवट उठले.

मॅडमनी हात वर केला. जून ते ऑगस्ट त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. एका डोळ्यात काहीतरी बिघडलं म्हणून रजा लांबली होती.

“खरं बोलतोय तो. मी त्याचे आकडे फोनवर ऐकले. परत आल्यावर कागद वाचले. तुकडे हातात घेतले ते आज. चूक माझी आहे. लिहून घ्या.”

...

इनायतनं याची तयारी केली नव्हती. बाईंनी ओरडावं, मग आपण उत्तर द्यावं, असं त्यानं मनात मांडलं होतं. ओरडणाऱ्याशी भांडता येतं.

“चूक कसली त्यात?” तो म्हणाला. “चूक झालेलीच नाही.”

“हे सात आधी एक कोटी वेळा सोसून आलेले. त्यातून त्यांनी काही घेतलं नसेल?”

“पोलाद काही शिकत नाही, मॅडम.”

हशा पिकला. या वेळी त्याच्या बाजूचा.

“नाही शिकत?”

“नाही.”

“मग जड भाराला मोडलं का नाही?”

“तेलामुळे.”

“जे दोन मोडले ते कशातले होते?”

इनायतनं पडद्याकडे पाहिलं.

“ते दोन तुकडे कशातले होते, बाबू?”

“तेलातलेच.”

“आणि त्यांच्या टोकाला ठिपके किती?”

“एक.”

मॅडमनी पुढे काही विचारलं नाही. विचारायची गरज राहिली नव्हती. बाकांवरच्या पंचवीस-तीस माणसांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि सगळ्यांचं उत्तर एकाच वेळी आलं. तेलातले कोरे दोन, दोन्ही मोडले. तेलातले आधी सोसलेले सात, सातही टिकले.

“त्या दोघांवर ओरखडे होते,” इनायत म्हणाला. “लेथचे. प्रबंधात लिहिलंय मी.”

“दाखव.”

ताट पुढे आलं. शेवटच्या बाकावरून पहिल्यापर्यंत हातोहात. त्यात मॅडमचं भिंगही ठेवलेलं होतं. इनायतनं मोडलेले दोन तुकडे उचलले आणि खिडकीशी गेला. भिंग डोळ्याला लावलं.

एकेक तुकडा त्यानं फिरवून फिरवून पाहिला.

शिरभाते सरांनी पुन्हा घड्याळ पाहिलं.

“आहेत ओरखडे,” इनायत वळून म्हणाला. मग त्यानं ताटातला तिसरा तुकडा घेतला. न मोडलेला. तो भिंगाखाली धरला. चौथा. पाचवा.

“आहेत,” तो पुन्हा म्हणाला. आवाज खाली गेला होता. “पण ते सगळ्यांवर आहेत.”

...

शिरभाते सर उठले. माणूस वाईट नव्हता. पुढच्या महिन्यात विभागाची तपासणी करायला समिती यायची होती आणि यंदा एकही पीएच.डी. पूर्ण झालेली नव्हती. इनायतची नोंदणी उद्या संध्याकाळी पाचला संपत होती. उद्या प्रबंध जमा झाला तर ठीक. नाहीतर नवी नोंदणी, नवी प्रवेश परीक्षा, पहिल्यापासून सगळं.

“हे बघा,” सर म्हणाले, “चर्चा उत्तम झाली. सेमिनार यासाठीच असतो. तडवी, एक तळटीप टाका. ‘काही नमुने पुन्हा वापरले.’ बस. बाहेरचे परीक्षक काय ठिपके मोजायला येतात का? मॅडम, तुमची सही झाली की आपण चहाला जाऊ.”

त्यांनी फाइलमधून अर्ज काढला आणि स्वतः शेवटच्या बाकापर्यंत नेऊन दिला.

इनायत फळ्याशी उभा होता. त्याला यावलजवळचं आपलं घर आठवलं. आईनं गावभर सांगून ठेवलं होतं की पोरगा डॉक्टर होतोय. गेल्या ईदला चुलत मामा गुडघा दाखवायला आला होता. गुडघ्याचा नाही, पोलादाचा डॉक्टर, असं सांगितल्यावर मामा म्हणाला होता, “मग वाटी बसव ना पोलादाची!” तालुक्याच्या कॉलेजातली एक जागा तीन महिन्यांपासून त्याच्यासाठी थांबवून ठेवलेली होती. पदवी आणा आणि रुजू व्हा.

मॅडम सही करणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. पाच वर्षांत त्यांनी एकदाही, काही चुकलेलं असताना, कागदावर पेन टेकवलं नव्हतं. आणि सही केली नाही की काय म्हणायचं, तेही तयार होतं. म्हणायचं, तीन महिने विद्यार्थ्याला वाऱ्यावर सोडणारा मार्गदर्शक शेवटच्या दिवशी त्याचा गळा धरतो. म्हणायचं, तेलामुळे काहीच होत नाही हे तुम्ही सिद्ध करा. कुलगुरूंपर्यंत जायचं. उपोषणाला बसायचं. वाक्यं एकामागून एक येत होती आणि एकेक वाक्य त्याला बळ देत होतं.

मॅडमनी अर्ज वाचला. पूर्ण वाचला.

मग सही केली.

...

इनायतला वाटलं, आपल्याला नीट दिसलं नाही.

“सही केलीत?”

“हो.”

“का?”

“इथे लिहिलंय, ‘हे काम माझ्या मार्गदर्शनाखाली झालं.’ झालं ना. त्यात खोटं काही नाही. मार्गदर्शन कसं झालं, ते कुणी विचारलेलं नाही.”

अर्ज आणि पेन, दोन्ही त्यांनी पुढच्या बाकावर सरकवलं. तिथून ते पुढे, तिथून पुढे, ताटासारखंच हातोहात येत इनायतपर्यंत आलं.

“खालची ओळ तुझी आहे,” मॅडम म्हणाल्या.

त्यानं ओळ वाचली. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र. ‘या प्रबंधात लिहिलेलं सर्व काही जसं घडलं तसंच लिहिलं आहे.’ खाली रेघ. रेघेवर जागा.

पाच वर्षांत ही ओळ त्यानं निदान सहा अर्जांवर वाचली होती. वाचली म्हणजे, तिच्याखाली सही केली होती.

“कर ना,” शिरभाते सर म्हणाले.

इनायतनं पेन उचललं. पुन्हा ठेवलं.

“मॅडम, तुम्ही म्हणा, करू नको.”

“मी कशाला म्हणू?”

“तुम्हाला तेच म्हणायचंय!”

“मला जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं. सात कुठे आहेत, विचारलं. सात सापडले.”

“मग सांगा ना सरळ, हे चुकीचं आहे, सही करू नकोस, करून दाखव तर बघते!”

“करून दाखव, मी बघते, असं नाही म्हणणार बाप्पा,” मॅडम म्हणाल्या. “मला दिसायला लागलंय आता. तेवढं पुरे.”

रोशनी उईकेला हसू आलं आणि तिनं ते खोकल्यात दडवलं.

इनायतला राग आला. बाईंचा, सरांचा, बांबूवालीचा, रजेवर गेलेल्या बोबड्यांचा. या खोलीत कुणीतरी आपल्याला अडवावं, एवढी साधी गोष्ट कुणी करत नव्हतं. प्रमुख म्हणत होते कर. मार्गदर्शकानं आपल्या वाटणीची सही करून टाकली होती. दार उघडं होतं. धक्का मारायला काही उरलं नव्हतं.

“नाही करत,” तो म्हणाला.

“काय?” शिरभाते सर.

“सही नाही करत.”

“अरे वेड्या, मॅडमनी केली!”

“म्हणूनच नाही करत.”

“म्हणजे काय? त्यांनी केली नसती तर?”

“तर केली असती. शंभर टक्के केली असती. आणि भांडलो असतो.”

सरांनी बाकांकडे पाहिलं, कुणी समजावून सांगेल का म्हणून. कुणी पुढे आलं नाही.

“तडवी, उद्या पाच वाजता तुमची नोंदणी संपतेय. कळतंय ना? मुदतवाढ दोनदा घेऊन झाली. तिसरी नसते.”

“कळतंय.”

“आणि ती कॉलेजातली जागा?”

“ती पदवीसाठी आहे. पदवी नाही तर नाही.”

“घरी काय सांगाल?”

तो उगाच ताठ उभा राहिला.

“सर, रजिस्टर आणा,” तो म्हणाला.

सेमिनारचं रजिस्टर टेबलावर होतं. दर गुरुवारी एक ओळ. तारीख, वक्ता, विषय आणि शेवटच्या चौकटीत निर्णय. सर लिहायला बसले. ‘सूचनांसह मा...’ एवढं झालं आणि इनायतनं पानावर पंजा ठेवला.

“अमान्य लिहा.”

“हात काढ.”

“अमान्य लिहा सर. मीच म्हणतोय.”

“मी प्रमुख झाल्यापासून या रजिस्टरात अमान्य कुणी झालेलं नाही!”

“मग मी पहिला.”

“समिती येतेय पुढच्या महिन्यात. पहिलंच पान उघडतील आणि हे बघतील. सूचनांसह मान्य! याला काही अर्थ आहे. तू सूचना घे, घरी जा, रडायचं असेल तर रड, आणि सकाळी सही करून आण.”

“तुम्ही नसाल लिहीत तर मी लिहितो.”

“रजिस्टर माझ्या ताब्यात आहे!”

“आणि सेमिनार माझा आहे!”

दोघांचे आवाज एवढे चढले की बाहेर किटली घेऊन आलेला कँटीनचा माणूस दारातच थांबला. शिरभाते सरांनी रजिस्टर ओढलं, इनायतनं पंजा उचलला नाही, पान कोपऱ्यात फाटलं. सरांनी फाटलेला कोपरा बघितला. एवढं सगळं होऊनही त्यांना त्या कोपऱ्याचंच वाईट वाटलं असावं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

“कोरं ठेवतो,” ते हळूच म्हणाले. “तुझ्या मनासारखं नाही, माझ्या मनासारखं नाही. कोरं. चला मंडळी, चहा निवतोय.”

आणि ते गेले. त्यांच्यामागे बाकं उठली. काही जणांनी जाताना इनायतच्या पाठीवर हात ठेवला, काहींनी मुद्दाम दुसऱ्या दारानं वाट काढली. रोशनी उईके शेवटी निघाली.

“तडवी सर,” ती म्हणाली. पाच वर्षांत ती त्याला सर कधीच म्हणाली नव्हती. “कचोरी ठेवू का एक? की तीही अमान्य?”

“ठेव,” तो म्हणाला.

...

सभागृहात दोघं उरली.

मॅडम शेवटच्या बाकावर होत्या, तशाच. इनायतनं पडद्यावरचं ‘धन्यवाद’ बंद केलं. मग तो टेबलाच्या कडेवर बसला, मॅडमसमोर असं बसायचं नसतं हे माहीत असून.

“झालं समाधान?”

मॅडमनी पदर सावरला.

“पाच वर्षं, मॅडम. हे तुम्ही मला एकट्याला बोलावून सांगू शकत होतात.”

“आज साडेतीनला ताट माझ्यापाशी आलं. एकट्याला कधी सांगणार होते?”

“तरी. सेमिनार संपल्यावर.”

“ऐकलं असतंस?”

त्यानं मान हलवली.

“नाही,” तो म्हणाला. “मी म्हटलं असतं, तुम्हाला नीट दिसत नाही.”

“हं.”

“आणि तुम्ही तिकडे सही केलीत, ते मला पाडायलाच ना?”

“तू पडलास का?”

“मला काय माहीत!”

तो उठून येरझारा घालू लागला. टेबल ते खिडकी, खिडकी ते टेबल. हात रिकामे राहवेनात म्हणून ताटातला दोन ठिपक्यांचा एक तुकडा घेतला आणि बोटांत फिरवत राहिला. त्याची कंबर गुळगुळीत होती. दोन कोटी वेळा वाकून फिरलेली कंबर. एक कोटी हलक्या भाराखाली, एक कोटी जड भाराखाली.

“मोडायला हवा होता हा,” तो स्वतःशीच म्हणाला. “दुसऱ्या वेळी तरी.”

“हो.”

“हळूहळू भार चढवला की पोलाद टणक होतं, हे वाचलंय मी. दुसऱ्या वर्षाला होतं. जुनी गोष्ट आहे. पण एवढं? सातच्या सात? पुस्तकात आहे ते थोडं असतं, मॅडम. पाचात दोन, पाचात तीन. सातच्या सात नाही टिकत.”

“नाही टिकत.”

“आणि ते दोन कोरे. साध्या पोलादापेक्षा जास्त चाललेच आहेत ते. नऊ लाख आणि अकरा लाख. म्हणजे तेलानंही काही केलंय. अगदीच काही नाही असं नाही.”

“काही केलंय.”

“मग तेलाचं किती आणि सोसण्याचं किती?”

“तू सांग.”

“नाही सांगता येत. वेगळं काढलंच नाही मी!” तो चिडून म्हणाला. चिडला कुणावर, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. “साधं पोलाद आधी हलक्या भाराला लावून मग जड भाराला लावायला हवं होतं. तेलाशिवाय. ते मी केलंच नाही. आणि उलट क्रम... आधी सोसायला लावायचं आणि मग तेलात घालायचं. तसं कुणी केलंय?”

“माझ्या वाचनात नाही.”

“कदाचित तेलानं पोलादाला फक्त तयार केलं असेल. टिकवलं नसेल. टिकायला शिकण्यासाठी तयार...” तो थबकला. काही वेळापूर्वी याच जागेवरून, पोलाद काही शिकत नाही, असं सगळ्यांना हसवून सांगितलेलं त्याला आठवलं असावं. मॅडमनी मात्र ते आठवल्याचं चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

त्यानं तुकडा ताटात ठेवला आणि खडू उचलला.

फळ्यावर दोन रेघा काढल्या, एक आडवी, एक उभी. कोपऱ्यात एक ठिपका, त्याला बाण. सात बाण. खाली दोन फुल्या. मध्ये मोठी मोकळी जागा राहिली. त्या जागेकडे तो बघत राहिला. दुपारी दाखवलेल्या सत्तेचाळीस चित्रांत ही जागा कुठेच नव्हती.

“हे बघा, इथे काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही. म्हणजे, आधी हे असं मांडायला हवं होतं, की...”

आणि सवयीनं तो बाकांकडे वळला.

बाकं रिकामी होती. एक विसरलेली वही. खिडकीखाली कुणाची तरी छत्री. बाहेर व्हरांड्यात कपबश्यांचा आवाज, शिरभाते सरांचं हसणं.

त्याचा खडूचा हात खाली आला.

“सगळे गेले, मॅडम.”

मॅडम उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. बाकांमधल्या वाटेनं एकेक पायरी उतरत पुढे आल्या आणि पहिल्या बाकावर, अगदी मधोमध बसल्या. पदरानं चष्मा पुसला. डोळ्यांवर चढवला.

“हं,” त्या म्हणाल्या. “आता सेमिनार सुरू कर.”